म्हात्र्यांचा आवाज

म्हात्रे दिसायच्या आधी ऐकू यायचे. सिंगापूरच्या चोआ चू कांगमधल्या आमच्या ब्लॉकच्या अकराव्या मजल्यावर शनिवारी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं की खालून आवाज सुरू व्हायचा. "चला, आपापली पाण्याची बाटली दाखवा! टोपी कुणाची राहिली?" आवाज जाड, थोडा खरखरीत, उरणच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेला. समोरच्या ब्लॉकमधले चिनी आजोबा कॉरिडॉरमध्ये येऊन खाली वाकून बघायचे आणि पुन्हा आत जायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही याचं मला नवल वाटायचं, कारण मी केली असती.

खरं सांगायचं तर मला बडबडी माणसं झेपत नाहीत. मी बँकेत हिशेब तपासणीचं काम करते, दिवसभर लोकांनी लांबण लावलेल्या खुलाशातून एक खरी ओळ शोधून काढते. तेव्हा सुटीच्या दिवशी माझ्या वाट्याला शांतता यावी एवढीच माझी अपेक्षा. त्यात हे गृहस्थ आमच्याच ब्लॉकच्या चौथ्या मजल्यावर राहणारे, आणि वर माझ्या नवऱ्याचे वरिष्ठ सहकारी. आता म्हात्र्यांना जाऊन दोन वर्षं होतील. शनिवारी खालून काही ऐकू येत नाही, आणि ती शांतता मला नको आहे.

इथे भारतातून आलेल्या आईवडिलांची एक जमात आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे व्हिजिट पासवर येतात, काही महिने राहतात, परत जातात. सकाळी मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, आणि ही माणसं फ्लॅटमध्ये. बाहेर पडावं तर लिफ्टची बटणं, एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, कार्ड, रस्ता ओलांडायचे नियम, आणि कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला भाषा नाही. मग ती खिडकीत बसतात. समोरच्या ब्लॉकवर वाळत घातलेले कपडे मोजतात. संध्याकाळी आपण दमून आलो की "काय केलंत दिवसभर?" विचारतो आणि ती म्हणतात, "काही नाही, छान गेला."

म्हात्र्यांचे वडील असेच एकदा आले होते. उरणहून निघाले ते थेट चौथ्या मजल्यावर, आणि पास संपल्यावर चौथ्या मजल्यावरून थेट उरणला. जाताना विमानतळावर म्हणाले, "दिगू, तुझं घर पाहिलं रे. तुझं गाव काही पाहायला मिळालं नाही." पुढल्या खेपेला दाखवू, असं म्हात्रे म्हणाले, आणि पुढली खेप झाली नाही. त्यानंतर त्यांनी शनिवार सुरू केले. कुणाचेही आईवडील असोत, ओळखीचे असोत वा नसोत, शनिवारी सकाळी व्हॉइड डेकवर, म्हणजे ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत, जमायचं आणि म्हात्र्यांबरोबर निघायचं. कधी क्रांजीचा जलाशय, कधी बोटॅनिक गार्डन, कधी नुसती बाजूच्या वसाहतीतली मंडई. आणि सबंध वाटेत मराठीतून माहिती.

ही माहिती म्हणजे एक प्रकरण होतं. माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनाही मी शनिवारी खाली पाठवलं. दुपारी परत आल्या त्या खुलून. जेवताना मला म्हणाल्या, "अगं, इथले कोकीळ मूळचे कोकणातले. मसाल्याच्या गलबतांतून आले. डोलकाठीवर बसून." मी घास तोंडाजवळ धरून बसले. दुसऱ्या शनिवारी म्हात्र्यांनी सांगितलं की इथल्या रस्त्यावरची मोठी झाडं पाऊस यायच्या आधी पानं मिटतात, आणि ते खरं निघालं, म्हणून माझी आणखीच पंचाईत झाली. कारण तिसऱ्या शनिवारी मंडईतला ड्युरियन हा फणसाचा मावसभाऊ असून दोघांचं वाटणीवरून बिनसलं, असं ऐकून त्या आल्या.

मी लिफ्टमध्ये म्हात्र्यांना गाठलं. म्हटलं, "म्हात्रेसाहेब, तुम्ही इंजिनिअर माणूस. आमच्या आईंना काय वाटेल ते सांगता."

ते अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "मेधा, नव्या जागी माणूस प्रश्न विचारतो ना, तेव्हा त्याला माहिती नको असते. आपल्याला इथे कुणी ओळखतं का, एवढंच बघत असतो तो. उत्तर मिळालं की पाय टेकतात त्याचे. मला ठाऊक असलं तर खरं सांगतो. नसलं तर नुसतं उभं ठेवायचं का त्याला?"

लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली आणि ते उतरले.

नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो हसायलाच लागला. तो आणि म्हात्रे जुरोंग आयलंडवर एकाच कारखान्यात. सकाळी कंपनीची बस दोघांना एकाच थांब्यावरून घ्यायची, गेटवर पास दाखवून आत सोडायची. तो म्हणाला, "आमच्याकडे म्हात्रे म्हणजे सगळ्यांत कमी बोलणारा माणूस. तू दुसऱ्याच कुणाविषयी बोलते आहेस."

मग त्याने सांगितलं. तिथे कुठलंही काम सुरू करायचं तर आधी परवाना लागतो, आणि परवान्यावर सही करणारे म्हात्रे. एकदा दुरुस्तीसाठी सगळा विभाग बंद होता, एकेक तास महागात जात होता. ठेकेदाराचा मोठा साहेब कागद घेऊन आला. वरचा व्हॉल्व्ह बंद आहे, आमच्या माणसाने पाहिला आहे, तुम्ही फक्त सही करा, म्हणाला. म्हात्रे इंग्रजीत म्हणाले, "मी पाहिलेला नाही." साहेब समजुतीच्या गोष्टी करून थकला, मग आवाज चढवला, मग वरच्यांना फोन लावायची धमकी दिली. म्हात्रे ऐकत होते. सगळं झाल्यावर पुन्हा तेच वाक्य म्हणाले, हेल्मेट चढवलं आणि शिडी चढून वर गेले. व्हॉल्व्ह बंदच होता. खाली येऊन सही केली, आणि त्यावर एक अक्षर बोलले नाहीत.

पुढे एकदा मी त्यांना हे विचारलं. म्हणाले, "तिथे मी इंग्रजीत मोजून बोलतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर माणूस जाईल कुणाचा तरी. पाच दिवस मोजून मोजून जबडा दुखतो. मराठीत मोजावं लागत नाही ना." हे म्हणताना ते हसत होते, पण मला ते ऐकून वाईट वाटलं. त्यांची मुलगी तन्वी इथेच शिकलेली, ती मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. सुनंदावहिनी मुळातच अबोल. म्हणजे या माणसाची सगळी मराठी शनिवारची वाट बघत असायची.

शनिवारचा शेवट हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, व्हायचा. एवढ्या शाकाहारी मंडळींचं जेवण तिथे जमवणं म्हणजे एक मोहीमच. म्हात्रे ठरलेल्या टपरीसमोर उभे राहून आपल्या त्या मोजक्या इंग्रजीत सांगायचे: मांस नको, मासा नको, अंडं नको, वाळवलेली कोळंबीही नको. टपरीवरच्या चिनी बाई कढई हलवता हलवता, वाक्याला इथला 'लाह' जोडून ओरडायच्या, "नो नीड टेल लाह! एव्हरी वीक सेम-सेम!" मग म्हात्रे मागे वळून मंडळींना सांगायचे, "त्या म्हणताहेत, तुमच्यासाठी सकाळपासून वेगळी कढई घासून ठेवली आहे." म्हातारी माणसं त्या बाईंना हात जोडायची. बाईही गोंधळून मान लववायच्या. स्वतः म्हात्रे मासळीवर वाढलेले, पण शनिवारी ते सगळ्यांबरोबर टोफूच खायचे आणि तक्रार करायचे नाहीत.

मग घसा बसला. आधी सगळ्यांनी थट्टा केली, मीही केली. इतकं बोलल्यावर बसणार नाही तर काय! सुनंदावहिनींनी हळद-दूध दिलं, सासूबाईंनी ज्येष्ठमधाची कांडी पाठवली. तो सुटेना तेव्हा डॉक्टरांकडे गेले आणि स्वरयंत्राचा कर्करोग निघाला. आयुष्यात कधी विडी ओढली नव्हती. रेडिएशन झालं, आवाज थोडा परत आला, शनिवार पुन्हा सुरू झाले. वर्षाच्या आत दुखणं उलटलं. या वेळी डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. मानेला कायमचं भोक, श्वास त्यातून. बोलायला यंत्रं आहेत, पण हा आवाज नाही. काढलं तर जगण्याची चांगली आशा आहे. नाही काढलं तर फार दिवस नाहीत.

म्हात्र्यांनी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली. मग पुन्हा ढकलली.

सुनंदावहिनी एका रविवारी आमच्याकडे आल्या. त्या कधीच कुणाकडे अशा येऊन बसत नसत. म्हणाल्या, "यांना जीव नको आहे, आवाज हवा आहे. मी म्हटलं, मग माझं काय? तर म्हणतात, मुका होऊन मी तुझ्या तरी काय कामाचा?" त्या रडल्या नाहीत, पण हातातला पदर पिळत राहिल्या. "आणि आता त्या बोटीच्या सहलीचं खूळ आहे. ती झाल्याशिवाय डॉक्टरचं नाव काढू देत नाहीत. मेधा, तू येशील का बरोबर? ते तसल्या आवाजात बोलत राहतात ना, मला एकटीला ऐकवत नाही."

ती सहल जुनी ठरलेली होती. कारखान्यातल्या एका व्हिएतनामी सहकाऱ्याने म्हात्र्यांना त्याच्याकडच्या हालाँग उपसागराचे फोटो दाखवले होते, आणि त्यांनी शनिवारच्या मंडळींना शब्द दिला होता की समुद्रात उभे राहिलेले डोंगर तुम्हाला दाखवणार. सासूबाई तेव्हा पुन्हा आमच्याकडे आल्या होत्या, त्या जाणारच होत्या. मी रजा टाकली.

हनोईला उतरलो, दुसऱ्या दिवशी बसने धक्क्यावर गेलो आणि बोटीत बसलो. वरच्या डेकवर खुर्च्या मांडलेल्या, पांढऱ्या रंगाचे कठडे. गाईड म्हणून लिन नावाची मुलगी होती, विशी-बाविशीची, गळ्यात माईक. बोट धक्का सोडून निघाली आणि थोड्या वेळाने धुरकट पांढऱ्या धुक्यातून ते डोंगर पुढे येऊ लागले. एकामागे एक, पाण्यातून सरळ वर उठलेले, अंगावर झाडी, पायथ्याशी पाण्याने खाऊन आत गेलेली खोबण. पाणी गडद हिरवं आणि इतकं स्थिर की बोटीची लाटच तेवढी हलत होती. मी असलं काही आधी पाहिलं नव्हतं.

लिन इंग्रजीत सांगू लागली आणि म्हात्रे उठून तिच्या शेजारी उभे राहिले. आवाजाची तोवर नुसती चिंधी झाली होती. मधूनच एखादा शब्द स्पष्ट यायचा, बाकी हवा. लिन म्हणाली की आकाशातून ड्रॅगन उतरला, त्याने तोंडातून रत्नं टाकली, त्यांची ही बेटं झाली. म्हात्र्यांनी त्याचं मराठी केलं. त्यात ड्रॅगनची बायको आली, तिचं माहेर आलं, रत्नं टाकण्यावरून दोघांत झालेला वाद आला. लिन आधी थांबून राहिली, मग हसून म्हणाली, "सर, मी एक वाक्य बोलते आणि तुम्ही दहा." म्हात्रे तिलाही काहीतरी उत्तर द्यायला गेले आणि ठसका लागला. पाणी प्यायले, पुन्हा सुरू. चुनखडी पाण्यात कशी विरघळते, पाऊस आणि समुद्र मिळून हे डोंगर कसे कोरतात, हे त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं. मंडळी माना हलवत होती. पण ती डोंगरांकडे बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे म्हात्र्यांच्या गळ्याकडे लागले होते. शिरा ताणल्या जात होत्या, दर वाक्यागणिक ते घोट गिळत होते. सुनंदावहिनी कठडा धरून पाण्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

दुपारी जेवण झाल्यावर मोठी बोट थांबली आणि आम्हाला बांबूच्या होड्यांत बसवलं. एका होडीत थोडी थोडी माणसं. आमच्या होडीत म्हात्रे, सुनंदावहिनी, सासूबाई, मी आणि वल्हवणाऱ्या एक बाई, डोक्यावर गवती टोपी घातलेल्या. समोरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक बुटकी कमान होती. होडी त्या कमानीखालून गेली तेव्हा दगड हाताला लागेल इतका जवळ आला, थेंब खांद्यावर पडले, आणि पलीकडे निघालो तर आत एक तळं. चारी बाजूंनी उभे डोंगर आणि वर आकाशाचा तेवढाच तुकडा. बाईंनी वल्हं उचलून धरलं. इतकी शांतता मी सिंगापूरला आल्यापासून ऐकली नव्हती.

म्हात्रे बोलू लागले. इथे कधीकाळी माथ्यावर छत होतं, ते कोसळलं, असं काहीतरी. भिंतींवरून त्यांचा तो फाटलेला आवाज परत येत होता, म्हणजे आम्हाला तो दोनदा ऐकावा लागत होता. मग एकदम तो थांबला. ओठ हलत होते, गळा हलत होता, आवाज नव्हता. त्यांनी खाकरून पाहिलं. छातीला हात लावून पुन्हा जोर केला. नुसती शीळ आली.

सासूबाई म्हणाल्या, "भाऊ, थांबा. मला जरा बघू द्या."

अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. म्हात्र्यांचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत त्यांना गप्प बसा असं कुणी म्हटलं नसावं, आणि म्हटलं ते आज. ते फळीवर बसले, हात मांडीवर ठेवले. बाईंनी होडी तशीच तरंगू दिली. वरच्या झाडीत कुठेतरी माकडं होती, फांद्या हलत होत्या. सासूबाई मान वर करून डोंगर बघत होत्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मीही पाहिले. मी पाहिलं की म्हात्रेही वर बघत आहेत. सकाळपासून पहिल्यांदाच.

परत बोटीवर आल्यावर सासूबाई म्हात्र्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. त्यांना दुखण्याविषयी आम्ही काही सांगितलं नव्हतं. म्हातारं माणूस, उगाच घोर कशाला, म्हणून. त्या म्हणाल्या, "घसा काढायला सांगितलाय का हो डॉक्टरांनी?"

म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं नाही, असं मानेनेच खुणावलं.

"कुणी सांगत नाही आम्हाला काही. पण कान आहेत ना," सासूबाई म्हणाल्या. मग त्या माझ्या सासऱ्यांविषयी बोलू लागल्या. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. सात वर्षं ते तसेच होते. आमच्या घरात त्याविषयी बोलताना सगळे आवाज खाली आणायचे. सासूबाईंनी त्या दिवशी खाली आणला नाही.

"मला आधी वाटलं, संपलं. आता घरात आपण आणि भिंती. महिनाभर मी त्यांच्याशी नुसती आजाऱ्याशी बोलतात तशी बोलले. आणि मग आमचं भांडण झालं."

"कशावरून?" सुनंदावहिनींनी विचारलं. त्या कधी कठडा सोडून जवळ आल्या ते मला कळलं नव्हतं.

"आमटी अळणी झाली होती. त्यांनी ताट सरकवलं. मीही दमलेली, म्हटलं, सरकवा, मला काय त्याचं. मीही वाढून घेतलं नाही. बसलो दोघं तोंडं फिरवून. चांगली घटकाभर. मग त्यांनी चांगल्या हाताने ताट पुन्हा ओढलं, आणि स्वतः न खाता माझ्यापुढे आणून ठेवलं." सासूबाई थांबल्या. "मला इतकं रडू आलं. म्हटलं, अगं, हा माणूस कुठे गेलेलाच नाही. मीच त्याला घालवून बसले होते."

बोटीचं इंजिन तेवढं चालू होतं. मग म्हात्र्यांनी सासूबाईंकडे वाकून विचारलं. आवाज इतका बारीक होता की मी ओठांवरून समजले. "आई, मग शनिवारी काय करू मी?"

"आम्ही नाही का? आमच्या तोंडाला काय झालंय?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही न्या आम्हाला. बोलायचं आम्ही बघू."

म्हात्र्यांनी हो म्हटलं नाही. परतीच्या बसमध्ये डोळे मिटून बसले होते. सुनंदावहिनी त्यांच्या दंडाला धरून होत्या. सिंगापूरला पोचल्यावर काही दिवसांनी वहिनींचा मला फोन आला, की यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी तन्वीने त्यांच्यापुढे फोन धरला. "बाबा, से समथिंग लाह. एनीथिंग." रेकॉर्ड करून ठेवणार होती. त्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि भारतात परत गेलेल्या आपल्या शनिवारच्या मंडळींना एकेक फोन लावत बसले. सातारा, डोंबिवली, नागपूर, जिथे जिथे कुणी होतं तिथे. ऑपरेशनचं सांगितलं नाही. प्रत्येकाला एवढंच, की सहज केला, तब्येत सांभाळा. पुष्कळांनी विचारलं, कोण बोलतंय? आवाज ओळखू येत नव्हता. "म्हात्रे. सिंगापूरहून," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. वहिनी मला म्हणाल्या, तेवढं एक ऐकताना मी मोरीत जाऊन रडले.

ऑपरेशन झालं. पुढे बरेच महिने ते खाली उतरले नाहीत. नवरा भेटून यायचा आणि सरळ जेवायला बसायचा. इस्पितळातून गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून स्टेशनवरच्या घोषणेसारखा आवाज यायचा. म्हात्र्यांनी ते इंग्रजीसाठी ठेवलं. बँकेत, दवाखान्यात, कुणा अधिकाऱ्याशी बोलायचं तर यंत्र. घरात मराठीला त्यांनी ते कधी लावलं नाही.

मग एका शनिवारी ते व्हॉइड डेकवर आले. सासूबाई पुन्हा आल्या होत्या, त्यांना सोडायला मी खाली गेले होते म्हणून मला ते बघायला मिळालं. गळ्याला सुती रुमाल, शरीर अर्धं झालेलं. आधीची दोन-तीन माणसं तिथे बाकावर बसली होती, ती उठून उभी राहिली. आता काय करायचं ते कुणालाच कळेना. म्हात्रेही खांबापाशी थांबले होते, आणि ते परत फिरतील असं मला वाटलं. सासूबाई चालत त्यांच्याजवळ गेल्या, म्हणाल्या, "चला, ऊन होईल." आणि निघाल्याच. त्यांच्यामागे सगळे निघाले. म्हात्रे सर्वांत शेवटी.

नवरा म्हणाला की कारखान्यात कॉम्प्रेसरजवळ कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तिथे सगळे हातानेच बोलतात आणि म्हात्रे त्यात तरबेज होते. असेल. पण हाताने "थांबा" आणि "चालू करा" सांगणं वेगळं आणि म्हाताऱ्या माणसांना जलाशयाकाठच्या घोरपडीची हकिकत सांगणं वेगळं. ते त्यांना तिथे कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी शनिवारी, हळूहळू, लोकांसमोर चुकत शिकून घेतलं. कधी मंडळींना कळायचं नाही आणि ते वैतागून हात झटकायचे. सुनंदावहिनीही आता बरोबर जायच्या. त्या अबोल बाई म्हात्र्यांचा हात बघून मोठ्याने बोलायच्या आणि चुकीचं बोलल्या की म्हात्रे मान हलवायचे. त्यांची रस्त्यात भांडणं व्हायची म्हणे.

सासूबाई गावी परतल्या. पुढल्या वर्षी माझे बाबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. त्यांना कुठे न्यावं, काय बोलावं, मला समजत नव्हतं. मी त्यांना शनिवारी खाली सोडलं, आणि म्हात्र्यांविषयी आधी सांगायचं घाईत राहूनच गेलं. आठवल्यावर दिवसभर चुटपुट लागून राहिली.

बाबा संध्याकाळी आले. बूट काढता काढता म्हणाले, "छान माणूस आहे हा म्हात्रे. म्हणाला, इथली माणसं घरातल्या गेलेल्या माणसाला जेवायचं पान मांडतात, आपल्यासारखंच. म्हणाला, तुम्हीही पुढल्या वेळी बायकोसाठी एक फूल घेऊन या, तळ्यात सोडू." आईचं नाव बाबा कित्येक महिन्यांनंतर काढत होते. मी विचारलं, "म्हात्रे म्हणाले? त्यांच्या मिसेस बरोबर होत्या का?"

"नाही बुवा, आज तो एकटाच होता. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. बाबा हात धुवायला आत गेले आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. पुढल्याच आठवड्यात आम्ही बाबांना घेऊन भारतात गेलो, आणि आम्ही तिकडे असतानाच दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली आणि म्हात्रे गेले. म्हणजे माझ्यापुरते शेवटचे म्हात्रे ते त्या संध्याकाळचे.

खाली ब्लॉकसमोर ते एका आजींबरोबर थांबले होते. आजींचा मुलगा न्यायला यायचा होता बहुतेक. आजी काहीतरी सांगत होत्या, म्हात्रे मान डोलावत होते. मग म्हात्र्यांनी दोन्ही हात वर नेऊन काहीतरी मोठं दाखवलं. आजींनी तोंडाला पदर लावला, आणि त्याही हात वर नेऊन त्याहून मोठं दाखवू लागल्या. म्हात्रे नाही नाही म्हणत होते. दोघं हसत होती. अकराव्या मजल्यावर त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ठाऊक नसणाऱ्या कुणी माझ्या जागी उभं राहून पाहिलं असतं, तर त्या दोघांत आवाज कुणाला नाही, हे त्याला सांगता आलं नसतं.